डॉक्टर, बुरशी तर नाही ना?

दर्यापूरकडचा एक तरुण आमच्या लॅबच्या खिडकीशी आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. रुमालात गुंडाळलेली छोटी डबी त्याने पुढे केली. "मॅडम, हे द्याले सांगतलं," एवढंच बोलला. झाकण उघडलं आणि फॉर्मालिनचा झणका नाकात गेला. आत हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा होता, नाकातून काढलेला. सोबतच्या चिठ्ठीवर नाव, वय आणि 'फंगल कल्चर' हे दोन शब्द. फॉर्मालिनमध्ये बुडालेल्या तुकड्यात काहीच जिवंत राहत नाही. त्यात बुरशी असलीच तर ती डबीतच मेली होती, आमच्या ट्यूबमध्ये काय उगवणार? पेशंटला काय झालंय, मी विचारलं. "ब्लड कॅन्सर हाय मोठ्या भावाले. केमो चालू हाय." ही गोष्ट चिठ्ठीवर कुठेच नव्हती.

दुसरा तुकडा घ्यावा लागला. त्यात एक दिवस गेला, आणि या आजारात दिवस जाणं फार महाग पडतं.

अमरावतीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपसमोर माझं निम्मं आयुष्य गेलं. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, तो माझा अधिकार नाही. पण बुरशी वेळेवर सापडते कशी आणि निसटते कशी, हे मी फार जवळून पाहिलं आहे. बहुतेक वेळा ती निसटते, कारण तिचं नाव कुणी घेतलेलंच नसतं. हे नाव पेशंटच्या घरच्यांनाही घेता यावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी धीराची गोष्ट. केमो घेणाऱ्या प्रत्येकाला बुरशी होत नाही. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरचा नेहमीचा केमो असेल, तर तोंडात पांढरे चट्टे येण्यापलीकडे बुरशीचा त्रास क्वचितच जातो. खरा धोका रक्ताच्या कॅन्सरमध्ये, त्यातही 'एएमएल' नावाच्या प्रकारात, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांना. कारण तिथे पांढऱ्या पेशी दोन-चार दिवस नाही, तर दहा दिवसांहून जास्त, कधी तीन-चार आठवडे तळाला असतात. शिवाय स्टेरॉइड चालू असेल आणि त्याने साखर वाढली असेल, तर म्युकर नावाच्या बुरशीला वाट मोकळी होते. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन चालू असलेल्या माणसाला आधी डायबेटिस नसला तरी साखर तपासत राहा, ती याचसाठी.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एक आकडा वाचायला शिका. एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यातले न्यूट्रोफिल किती टक्के, यांचा गुणाकार करायचा. पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर उत्तर २४०. यालाच डॉक्टर 'एएनसी' म्हणतात. हा आकडा ५०० च्या खाली गेला की शरीराची राखण उठली असं समजा. बहुतेक केमोंमध्ये तो सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळ गाठतो. म्हणजे नागपूरला किंवा मुंबईला केमो घेऊन माणूस घरी येतो, चार दिवस बरे जातात, पाहुणे भेटून जातात, आणि नेमका त्यानंतर धोक्याचा आठवडा सुरू होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर केमोची तारीख लिहा आणि सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत लाल रेघ ओढा. ब्लड कॅन्सर असेल तर रेघ कुठपर्यंत ओढायची ते डॉक्टरांनाच विचारा.

त्या रेघेतल्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर ती इमर्जन्सी आहे. आपल्याकडे म्हणतात, "ताप नाही, निस्ती कसर हाय." मग पॅरासिटामॉल दिलं जातं आणि "रातचं कुठी जातं, सकाऊन पाहू" असं ठरतं. गोळीने ताप उतरतो, आतला जंतू मात्र वाढत राहतो. पांढऱ्या पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही बेताचाच. कसर ही एकच खूण शरीर देऊ शकतं, तीही गोळीने पुसली जाते. घरात साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि हात लावून ताप ठरवू नका. अशा वेळी पहिला अँटिबायोटिक दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून जावा, असा जगभरचा नियम आहे.

बहुतेकांचा हा ताप बॅक्टेरियाचा असतो आणि अँटिबायोटिकने उतरतो. चार-पाच दिवस चांगलं अँटिबायोटिक चालू आहे, एएनसी वर आलेला नाही आणि ताप तसाच आहे किंवा उतरून पुन्हा चढला, तर मात्र बुरशीचा विचार व्हायलाच हवा. इथे तुम्ही विचारा, "डॉक्टर, बुरशी तर नाही ना? छातीचा सीटी करायचा का?" या प्रश्नाचा कोणत्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. एक्स-रे साफ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. फुप्फुसातली अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची सुरुवात एक्स-रेवर बऱ्याचदा दिसत नाही, सीटीवर दिसते.

या बुरशा काही परदेशातून येत नाहीत. तुरीचं शेत ऐन फुलोऱ्यात उभ्याउभ्या वाळतं तो मर रोग वऱ्हाडातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. तो फ्युजॅरियम नावाच्या बुरशीचा, हरभऱ्याचा मरही तिचाच. तिच्याच कुळातल्या बहिणी माणसाच्या रक्तात शिरतात. भुईमुगाच्या ओल्या शेंगेवर हिरवट-पिवळी भुकटी धरते ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, आणि आपल्या देशात सायनसच्या बुरशीत तीच वारंवार सापडते. शिळ्या भाकरीवरचा काळपट कापूस हा ऱ्हायझोपस, म्हणजे २०२१ मध्ये ज्याच्या नावाने अख्खा महाराष्ट्र हादरला त्या म्युकरमायकोसिसचं मुख्य कारण. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार नोंदवणं बंधनकारक करायला सांगितलं, औषधासाठी लोक या गावाहून त्या गावाला फिरले, आणि आपल्या शेजारच्या वर्ध्यात अ‍ॅम्फोटेरिसिनचं इंजेक्शन तयार व्हायला लागलं. लोकांना वाटतं कोविड गेला तशी ती बुरशीही गेली. ती कोविडच्या आधीही होती, आताही आहे. भारतात हा आजार प्रगत देशांच्या सुमारे ७० पट असावा, असा अभ्यासकांचा अंदाज कोविडच्या आधीपासूनचा आहे.

'काळी बुरशी' हे नाव मात्र चुकीचं पडलं. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडतं, आणि मेलेलं मांस काळं पडतं. म्हणजे काळं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि ती एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. पेशंटची ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. आधीच खचलेल्या माणसाला तो घास गिळत नाही हो.

मग रोज पाहायचं काय? एक टॉर्च घ्या आणि सकाळी तोंड धुतल्यावर आ करायला सांगून टाळूवर उजेड टाका. पांढरे, दह्यासारखे चट्टे असतील तर ती बहुधा कँडिडा नावाची बुरशी. ती सहज बरी होते, पण घास गिळताना छातीत दुखत असेल तर अन्ननलिकेत उतरली असेल, लगेच कळवा. टाळूवर करडा किंवा काळा डाग, गाल बधिर, एकाच बाजूचं नाक बंद, नाकातून तांबूस-काळसर पाणी, पापणी सुजणं, एकाचे दोन दिसणं, वरचे दात हलल्यासारखे वाटणं, यातलं काहीही दिसलं तर म्युकर समजूनच धावा. सकाळची वाट पाहू नका. छातीच्या बाजूने कोरडा खोकला, श्वास घेताना एका ठिकाणी टोचणं आणि थुंकीत रक्त या फुप्फुसातल्या बुरशीच्या खुणा आहेत. औषधासाठी शिरेत बसवलेली नळी, म्हणजे पिक लाइन किंवा पोर्ट असेल आणि त्यातून सलाइन सोडल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरत असेल, तर नळीतच जंतू बसला असेल, कदाचित कँडिडा.

पायांकडे कुणी पाहत नाही. पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतात, अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालेलं असतं. फ्युजॅरियमला रक्तात शिरायचं हेच दार. केमो सुरू व्हायच्या आधी पाय डॉक्टरांना दाखवा, चिखल्या बऱ्या करून घ्या. केमो चालू असताना अंगावर दुखऱ्या लाल-जांभळ्या गाठी उठल्या आणि त्यांचं मधलं टोक काळं पडत असेल, तर त्या गाठीचा तुकडा तपासायला हवा. फ्युजॅरियमची एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. ती रक्ताच्या कल्चरमध्ये बऱ्याचदा उगवते. अ‍ॅस्परजिलस सहसा उगवत नाही.

आता माझ्या खिडकीकडे येते, कारण इथली चूक टाळणं पूर्ण तुमच्या हातात आहे. तुकडा काढला की तो दोन डब्यांत जायला हवा. एक फॉर्मालिनची, ती बायोप्सीसाठी. दुसरी साध्या निर्जंतुक सलाइनची, ती केओएच तपासणी आणि कल्चरसाठी. ऑपरेशन थिएटरच्या दारात डबी हातात पडली की तिथेच विचारा, "सलाइनची डबी कोणती?" म्युकरचा तुकडा फ्रिजमध्ये ठेवू नका, लॅबमध्ये कुटू नका असंही आम्हाला सांगावं लागतं, कारण तिचे धागे नाजूक असतात आणि कुटल्यावर उगवत नाहीत. आणि चिठ्ठीवर हे शब्द आहेत का ते वाचा: ब्लड कॅन्सर, केमो चालू, पांढऱ्या पेशी कमी, बुरशीचा संशय. नसतील तर लिहून घ्या.

हे का, ते सांगते. हवेत बुरशीचे बीजाणू सतत तरंगत असतात आणि ते आमच्या काचेच्या बशीतही पडतात. बशीवर पांढरा कापूस उगवला आणि पेशंट कोण ते ठाऊक नसेल, तर 'हवेतली पडली असेल' म्हणून ती बशी टाकून दिली जाऊ शकते. चिठ्ठीवर केमो लिहिलेला असेल तर तीच बशी आम्ही जपून ठेवतो. म्युकर दोन-तीन दिवसांत बशीभर पसरते, सरकी काढलेल्या कापसासारखी फुगून झाकणाला टेकते. फ्युजॅरियम आधी पांढरी, मग गुलाबी-जांभळी होते, आणि निळ्या रंगात काचेवर पाहिली की तिचे बीजाणू होडीसारखे दिसतात. पहिल्यांदा पाहताना मला ते सुंदर वाटले होते. मग पेशंटचं वय वाचलं, एकोणीस.

पण कल्चरची वाट पाहत बसायचं नाही. केओएच म्हणजे तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून तो विरघळू द्यायचा आणि भिंगाखाली पाहायचा. तासाभरात निदान अंदाज मिळतो. फितीसारखे रुंद, मध्ये आडवे पडदे नसलेले धागे म्हणजे म्युकर. बारीक, पडद्यांचे, बाभळीच्या फांदीसारखे तिरके फुटणारे म्हणजे अ‍ॅस्परजिलस किंवा तिच्यासारखी दुसरी. यावर औषध ठरतं, कारण अ‍ॅस्परजिलसचं मुख्य औषध व्होरिकोनॅझोल म्युकरवर काहीच काम करत नाही. तिला अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं आणि बहुतेक वेळा मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाही लागतो. रक्तातल्या गॅलॅक्टोमॅनन तपासणीचंही तेच. ती अ‍ॅस्परजिलस सांगते, म्युकर सांगत नाही. 'टेस्ट निगेटिव्ह' या दोन शब्दांवर घरी जाऊ नका. कोणती टेस्ट, कोणत्या बुरशीची, हे विचारा. दर्यापूरच्या त्या तरुणाने दुसऱ्या दिवशी सलाइनची डबी आणली तेव्हा त्याच्यासमोरच काच लावली. साडेबारापर्यंत रुंद फिती दिसल्या होत्या, एकला फोन गेला, संध्याकाळी औषध सुरू झालं.

औषधाबद्दल दोन-तीन गोष्टी घरच्यांना माहीत असाव्यात. लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन म्युकरसाठी साधारण किलोमागे ५ मिलिग्रॅम देतात. ५० किलोच्या माणसाला रोज २५० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या पाच व्हायल, तेही आठवडेच्या आठवडे. पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा, वावर गहाण टाकायच्या आधी. हे औषध किडनीला जड जातं आणि पोटॅशियम खाली ओढतं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आज तपासलं का, एवढं रोज विचारा. व्होरिकोनॅझोलची गोळी उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी किंवा तासाभराने घ्यायची असते. ती घेताना डोळ्यांपुढे रंग चमकतात, त्याला घाबरू नका. पण गाडी चालवू नका आणि आपल्या उन्हात उघड्या अंगाने जाऊ नका, कातडी भाजते.

सगळ्यात महत्त्वाचं: व्हिनक्रिस्टीन. लिम्फोमा आणि मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये हे इंजेक्शन नेहमी असतं. त्याच्यासोबत इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल पडलं, तर व्हिनक्रिस्टीनचं विष शरीरात साचतं, पाय लुळे पडतात, आतडी थांबतात. गजकर्णासाठी गावच्या मेडिकलमधून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सर्रास घेतल्या जातात, हे मी रोज पाहते. केमोच्या पेशंटला कुणीही, कोणत्याही कारणाने बुरशीची गोळी दिली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. आणि उलट, आठवड्यातून तीन दिवस दिलेली को-ट्रायमॉक्सॅझोलची स्वस्त गोळी 'ही तर सल्फाची' म्हणून बंद करू नका. न्युमोसिस्टिस नावाची फुप्फुसाची बुरशी ती अडवते.

घराबद्दल लिहायचं तर वऱ्हाडात कूलरपासूनच सुरुवात करावी लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, कूलर नाही म्हणणं शक्य नाही. पण आठ महिने अडगळीत पडलेला कूलर पेशंटच्या खोलीत तसाच लावला, तर जुन्या ओल्या गवतातली बुरशी थेट तोंडावर येते. गवत दरवर्षी नवं टाका, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, आणि हे काम चालू असताना पेशंट दुसऱ्या खोलीत असू द्या. जमत असेल तर धोक्याच्या दिवसांत कूलर नकोच, पंखा आणि ओला पडदा बरा. दिवाळीची साफसफाई, घराचं बांधकाम, जुनी भिंत पाडणं यातून अ‍ॅस्परजिलस उधळते. त्या दिवसांत पेशंटला नातेवाइकांकडे पाठवा. गाडगेबाबांच्या मुलखात झाडूला कोण नाव ठेवेल, पण पेशंटच्या खोलीत कोरडं झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात, सोयाबीनचं कुटार अंगणात असतं. पेशंटची खाट तिथून लांब हवी. सारवण, कंपोस्ट, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया ही कामं त्याने करू नयेत. धुळीत जावंच लागलं तर एन-९५ मास्क, रुमाल नाही, बीजाणू रुमालातून सहज जातात. जखमेवर माती, शेण, झाडपाला काहीही लावू नका. खाण्याचं मात्र फार अवडंबर माजवू नका. ताजं, गरम, स्वच्छ हाताने रांधलेलं पुरे. डागी संत्री, कच्चे शेंगदाणे, जुनं लोणचं, शिळी भाकर तेवढी टाळा. अन्नच तोडलं तर माणूस अशक्त होतो आणि जंतूंचंच फावतं.

आपल्याकडची अडचण अंतराची आहे. केमो नागपूरच्या तुकडोजी महाराज कॅन्सर हॉस्पिटलात किंवा मुंबईला टाटा हॉस्पिटलात, आणि ताप अंजनगावला नाहीतर मूर्तिजापूरला रात्री अकरा वाजता. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. तापाच्या पेशंटला आधी थेट नागपूरला नेऊ नका. अमरावतीत किंवा अकोल्यात जिथे शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू होईल तिथे न्या, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे, १०८ ला फोन करा. पहिला डोस गेल्यावर तिथूनच मूळ डॉक्टरांशी बोलणं करून द्या. धोक्याचा आठवडा सुरू व्हायच्या आधीच हे दोन फोन नंबर आणि गाडी कुणाची, हे ठरलेलं असावं. कॅज्युअल्टीच्या दारात पहिलं वाक्य 'ताप आहे' असं नको. "ब्लड कॅन्सर आहे, अमुक तारखेला केमो झाला, पांढऱ्या पेशी कमी आहेत, ताप आहे," असं म्हणा. मग तुम्ही रांगेत बसत नाही.

बुरशीचं औषध लवकर थांबत नाही. फुप्फुसातल्या अ‍ॅस्परजिलसला निदान सहा ते बारा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. ताप गेला, भूक लागली म्हणून गोळ्या बंद करणारे परत येतात ते जास्त वाईट अवस्थेत. आणि पुढचा केमो सुरू होतो तेव्हा पेशी पुन्हा तळाला जातात, दबलेली बुरशी पुन्हा डोकं काढू शकते. म्हणून तेव्हा बचावासाठी औषध चालू ठेवतात. पण नवीन डॉक्टरांना, नवीन दवाखान्याला हे ठाऊक असेलच असं नाही. फाइलच्या अगदी पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: कोणती बुरशी झाली होती, कुठे, कोणत्या तारखेला, कोणतं औषध किती दिवस चाललं. लॅबचा मूळ रिपोर्ट त्याच पानाला स्टेपल करा, आणि झेरॉक्स घरच्या पेटीत.